वेबपानावर हलते चित्र मोफत कसे लावावे? जीआयएफ, सीएसएस आणि ‘हा कोड कॉपी करा’ यांची सोपी माहिती

दिवाळी जवळ आली की फोनवर लुकलुकणाऱ्या पणत्या, उडणारी फुलपाखरे आणि चमचमती अक्षरे यायला लागतात. ज्यांनी स्वतःचे छोटेसे वेबपान केले आहे, त्यांना असे एखादे हलते चित्र तिथेही हवे असते. नेटवर शोधले की ‘फ्री इफेक्ट’, ‘फ्री अ‍ॅनिमेशन’, ‘फक्त हा कोड कॉपी करा’ असे शेकडो पर्याय समोर येतात. दोन ओळी चिकटवल्या की चित्र हलू लागते आणि काम झाले असे वाटते.

काही महिन्यांनी मात्र त्याच जागी तुटलेल्या चित्राची खूण दिसते किंवा भलतीच जाहिरात दिसते. कधी कधी पान उघडणारा तिसऱ्याच साइटवर जाऊन पोहोचतो. असे का होते? आणि असे होऊ नये म्हणून चित्र कसे लावावे? दोन्ही गोष्टी या लेखात पाहू.

थोडक्यात सांगायचे तर

- हलते चित्र लावण्याचे तीन मार्ग आहेत: हलत्या चित्राची फाइल, पानाच्या सजावटीचे नियम म्हणजे सीएसएस, आणि बाहेरून येणारा कोड म्हणजे स्क्रिप्ट.
- पहिले दोन मार्ग सुरक्षित आणि टिकाऊ आहेत. तिसरा सर्वांत सोपा दिसतो, पण धोका त्यातच आहे.
- चित्राची फाइल नेहमी स्वतःच्या जागेवर ठेवावी. दुसऱ्याच्या साइटवरून ओढून दाखवू नये.
- चित्र लहान, हलके आणि डोळ्यांना सौम्य असावे.

हलते चित्र म्हणजे नेमके काय?

लहानपणी वहीच्या कोपऱ्यात चेंडू काढून पाने भरभर उलटण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. जीआयएफ याच तत्त्वावर चालते. एकाच फाइलमध्ये अनेक स्थिर चित्रे एकामागोमाग ठेवलेली असतात. त्यातल्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेम किती वेळ दाखवायची, हेही फाइलमध्येच लिहिलेले असते. हा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. म्हणजे तिथे १० हा आकडा असेल तर ती फ्रेम एक दशांश सेकंद दिसते आणि सेकंदाला १० फ्रेम होतात.

जीआयएफची मोठी मर्यादा रंगांची आहे. एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंगांची यादी मिळते. त्यामुळे रेखाचित्रे, चिन्हे, अक्षरे आणि कार्टून जीआयएफमध्ये छान दिसतात, पण सूर्यास्ताच्या फोटोत आकाशावर पट्टे आणि ठिपके उमटतात.

दुसरी मर्यादा पारदर्शकतेची. जीआयएफमधला एखादा ठिपका पूर्ण पारदर्शक असतो किंवा पूर्ण भरीव. अर्धवट पारदर्शक असे काही नसते. म्हणूनच पांढऱ्या पार्श्वभूमीवर बनवलेली पणती काळ्या पानावर लावली की ज्योतीभोवती पांढरी किनार दिसते. यावर साधा उपाय आहे. तुमच्या पानाचा जो रंग असेल, त्याच रंगावर चित्र तयार करावे.

जीआयएफ आले कुठून?

अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हा प्रकार तयार केला. तेव्हा फोनच्या तारेवरून माहिती फार सावकाश येत असे आणि रंगीत चित्र कमी जागेत पाठवणे ही त्यांची गरज होती. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेमची वेळ आणि पारदर्शकता या सोयी आल्या. चित्र पुन्हा पुन्हा फिरत ठेवण्याची सोय मात्र नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या २.० आवृत्तीने आणली. आजही फिरत्या जीआयएफ फाइलच्या पोटात नेटस्केपचे नाव लिहिलेले असते, जरी तो ब्राउझर कधीच इतिहासजमा झाला आहे.

त्यानंतर जिओसिटीजसारख्या मोफत सेवांवर लाखो लोकांनी स्वतःची पाने उभारली. फिरणारा पृथ्वीगोल, हलणारी ईमेलची पाकिटे, ‘काम चालू आहे’ सांगणारा फावडेवाला माणूस, ही त्या काळाची सजावट होती. याहूने अमेरिकेतील जिओसिटीज २००९ मध्ये बंद केली तेव्हा ही पाने एका फटक्यात गेली. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने आणि काही हौशी मंडळींनी त्यांच्या प्रती आधी उतरवून घेतल्या होत्या, म्हणून त्यातली बरीच चित्रे वाचली. आर्काइव्हने २०१६ मध्ये ‘गिफसिटीज’ नावाने त्यांचा शोधता येणारा संग्रह खुला केला.

आपल्याकडे अनेकांची अशा चित्रांशी ओळख ऑर्कुटवर झाली. मित्राच्या स्क्रॅपबुकात चमचमते ‘शुभ दीपावली’ टाकायचे, म्हणजे कुठल्या तरी साइटवरून कोड उचलून तिथे चिकटवायचा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. पण कोड उचलून चिकटवण्याची ती सवय मागे राहिली आणि आजच्या वेबपानांवर तीच महागात पडते.

टिकले काय आणि गेले काय?

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्राखाली पाण्याच्या लाटा हलताना दाखवणारा एक मोफत परिणाम खूप लोकप्रिय होता. तो जावा अ‍ॅप्लेट या प्रकारात चालायचा. पुढे फ्लॅश आले आणि नाचणारी शीर्षके, उडणारे पक्षी, पूर्ण हलती पाने त्यात होऊ लागली. दोन्हींना ब्राउझरमध्ये एक वेगळी जोडणी बसवावी लागे. सुरक्षेतल्या त्रुटी वाढल्या तशी ब्राउझरांनी ती दारे बंद केली. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावा अ‍ॅप्लेट चालवणे थांबवले. फ्लॅशला तिच्याच कंपनीने, म्हणजे अडोबीने, २०२० च्या अखेरीस निरोप दिला. ज्यांनी त्यावर भरवसा ठेवला होता, त्यांच्या पानांवर आज नुसता रिकामा चौकोन उरला आहे.

जीआयएफ मात्र टिकले, कारण त्याला कुठलीही वेगळी जोडणी लागत नाही आणि बाहेरच्या कोणाची परवानगी लागत नाही. फाइल तुमच्याकडे आणि ती वाचण्याची क्षमता ब्राउझरमध्येच. तुमच्या पानावर एखादा परिणाम किती वर्षे चालेल, हे तो बाहेरच्या किती गोष्टींवर अवलंबून आहे यावरून ठरते. लावण्याआधी एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

मार्ग पहिला: हलत्या चित्राची फाइल

उदाहरण म्हणून लुकलुकणारी पणती घेऊ. त्यासाठी जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते संगणकावर चालते.

१. पणतीचे एक साधे चित्र काढा. आकार २०० गुणिले २०० पिक्सेल पुरे.

२. जिम्पमध्ये प्रत्येक लेयर म्हणजे एक फ्रेम. पहिल्या लेयरच्या पाच प्रती करा, म्हणजे एकूण सहा फ्रेम होतील.

३. प्रत्येक प्रतीत फक्त ज्योत थोडी बदला. एकीत किंचित डावीकडे, दुसरीत उंच, तिसरीत बारीक. दिव्याचा मातीचा भाग अजिबात हलवू नका. तो हलला तर पणती थरथरल्यासारखी दिसते.

४. ‘फिल्टर्स’ मेनूतील ‘अ‍ॅनिमेशन’मध्ये जाऊन ‘प्लेबॅक’ने चित्र हलताना पाहा.

५. त्याच ठिकाणचा ‘ऑप्टिमाइझ फॉर जीआयएफ’ हा पर्याय वापरा. तो प्रत्येक फ्रेममध्ये फक्त बदललेला भाग ठेवतो. या क्रियेतून नवे चित्र उघडते, मूळ चित्र तसेच राहते. मूळही जपून ठेवा, पुढे दुरुस्ती करायची असेल तर तेच लागेल.

६. नवे चित्र जीआयएफ म्हणून एक्स्पोर्ट करताना ‘अ‍ॅज अ‍ॅनिमेशन’ आणि ‘लूप फॉरेव्हर’ या चौकटींवर खूण करा. फ्रेममधले अंतर १५० मिलिसेकंद ठेवले तर ज्योत शांतपणे हलते.

७. तयार फाइल ब्राउझरमध्ये ओढून टाका. तिथे हलली तर पानावरही हलेल.

आता ही फाइल पानावर लावायची. ब्लॉगर, वर्डप्रेस, गुगल साइट्स अशा सेवांमध्ये चित्र जोडण्याचे बटण असतेच, ते वापरा. पान हाताने लिहिलेले असेल तर फाइल पानाच्याच फोल्डरात ठेवा आणि नेहमीचा इमेज टॅग वापरा. त्यात चार गोष्टी द्या: फाइलचे नाव, रुंदी, उंची आणि पर्यायी मजकूर. रुंदी आणि उंची दिली नाही तर चित्र उतरेपर्यंत ब्राउझरला जागेचा अंदाज येत नाही आणि वाचत असलेली ओळ अचानक खाली सरकते. पर्यायी मजकूर, उदाहरणार्थ ‘तेवणारी पणती’, दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडरवर ऐकू येतो.

मार्ग दुसरा: सीएसएस

चित्राच्या आत काही बदलायचे नसेल, फक्त ते फिरावे, वरखाली व्हावे किंवा मंद-ठळक व्हावे एवढेच हवे असेल, तर जीआयएफ लागतच नाही. एकच स्थिर चित्र घ्यायचे आणि ब्राउझरला सांगायचे, ‘हे असे हलव’. हे सांगण्याची भाषा म्हणजे सीएसएस.

यात ‘कीफ्रेम्स’ नावाचा एक नियम लिहितात. पणतीच्या उजेडासाठी तो शब्दांत असा सांगता येईल: सुरुवातीला चित्र पूर्ण ठळक, अर्ध्या वाटेवर सत्तर टक्के ठळक, शेवटी पुन्हा पूर्ण ठळक. पूर्ण फेरी दोन सेकंदांची. फेऱ्या कितीही. मधल्या सगळ्या पायऱ्या ब्राउझर स्वतः काढतो, म्हणून हालचाल जीआयएफपेक्षा गुळगुळीत दिसते. काही ओळींच्या मजकुरात काम होते, चित्राच्या फाइलचे वजन एक बाइटनेही वाढत नाही, आणि रंगांची २५६ ची अडही राहत नाही.

एक पथ्य आहे. हलवण्यासाठी ‘ट्रान्स्फॉर्म’ आणि ‘ओपॅसिटी’ हे दोनच गुणधर्म शक्यतो वापरा. चित्राची रुंदी किंवा समास सतत बदलत ठेवला तर ब्राउझरला पानाची मांडणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि साधा फोन अडखळतो.

तुमची सेवा सीएसएस लिहू देते की नाही, ते आधी पाहा. अनेक मोफत योजनांत ही सोय नसते. अशा वेळी पहिला मार्ग बरा.

मार्ग तिसरा: बाहेरून येणारा कोड

पानावर बर्फ पडणे, माउसमागे चांदण्या धावणे, कोपऱ्यात मांजर झोपणे असे परिणाम देणाऱ्या साइट बहुतेक वेळा एक ओळ देतात: ‘ही स्क्रिप्ट पानात चिकटवा’. ती ओळ म्हणजे कोड नसतो, कोड कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो. तुमचे पान जेव्हा जेव्हा उघडेल, तेव्हा तेव्हा ब्राउझर त्या पत्त्यावर जातो, तिथे त्या क्षणी जे असेल ते आणतो आणि तुमच्या पानावर चालवतो.

घराच्या दाराची किल्ली अनोळखी माणसाला द्यावी तसे हे आहे. आज तो भला असेल. उद्या त्याने ती किल्ली दुसऱ्याला विकली तर तुम्हाला कळणारही नाही.

हे नुसते भय नाही, असे घडलेले आहे. ‘पॉलिफिल’ नावाची एक मोफत स्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवत असे आणि असंख्य साइट ती बाहेरच्या पत्त्यावरून घेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पत्ता एका चिनी कंपनीकडे गेला. ही सेवा मूळ ज्याने सुरू केली होती, त्याने तेव्हाच ती काढून टाका असे जाहीरपणे सांगितले. जूनमध्ये सुरक्षा-अभ्यासकांना आढळले की तिथून घातक कोड येत आहे आणि फोनवरून येणाऱ्या काही वाचकांना सट्ट्याच्या साइटकडे वळवले जात आहे. १ लाखाहून अधिक साइटवर ती ओळ होती. त्या साइटच्या मालकांनी आपल्या पानावर एक अक्षरही बदलले नव्हते.

स्क्रिप्ट वापरायचीच असेल तर तिची फाइल उतरवून घ्या, तिचा परवाना वाचा आणि ती स्वतःच्या फोल्डरात ठेवून तिथूनच चालवा. कोड वाचता येत नसेल तर जाणकार मित्राला दाखवा. अक्षरांचा अगम्य गुंता दिसत असेल आणि तो कशासाठी आहे हे कोणी सांगू शकत नसेल, तर तो लावू नये.

दुसऱ्याच्या साइटवरून चित्र ओढू नये

चित्र उतरवून घेण्याऐवजी त्याचा पत्ताच आपल्या पानात देणे, याला हॉटलिंकिंग म्हणतात. यात तीन अडचणी आहेत.

पहिली, खर्च दुसऱ्याचा होतो. तुमचे पान कोणी उघडले की चित्र त्याच्या सर्व्हरवरून जाते. दुसरी, चित्रावर ताबा त्याचा राहतो. त्याने त्या जागी दुसरे चित्र ठेवले तर तुमच्या पानावर तेच दिसते. तिसरी, ती सेवा बंद झाली किंवा तिचे धोरण बदलले तर चित्र गेलेच.

तिसऱ्या अडचणीचे उदाहरण फोटोबकेटचे आहे. तिथे मोफत चित्रे ठेवून ती इतर साइटवर दाखवण्याची अनेकांची वर्षानुवर्षांची सवय होती. २०१७ च्या मध्यावर कंपनीने धोरण बदलले. अशा वापरासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलरची योजना घेणे भाग झाले. ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांच्या चित्रांच्या जागी खाते वाढवा अशी सूचना झळकू लागली. हस्तकलेपासून मोटारदुरुस्तीपर्यंतची कितीतरी मार्गदर्शक पाने त्या दिवसांत चित्रांविना पडली.

फाइल हलकी कशी ठेवावी?

जीआयएफचे वजन तीन गोष्टींवर ठरते: आकार, फ्रेमची संख्या आणि रंग. एक हिशेब पाहा. आपली पणती २०० गुणिले २०० पिक्सेलची आहे, म्हणजे एका फ्रेममध्ये ४०,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट धरला तर सहा फ्रेमचे २ लाख ४० हजार बाइट होतात. हे दाबून लहान करण्याआधीचे वजन आहे, प्रत्यक्ष फाइल यापेक्षा बरीच लहान होते. आता तेच चित्र ६०० गुणिले ६०० चे आणि ३० फ्रेमचे केले, तर हिशेब १ कोटी ८ लाख बाइटवर जातो. म्हणजे ४५ पट.

समजा फाइल ५ एमबीची झाली आणि २०० लोकांनी पान उघडले, तर एकूण १ जीबी डेटा खर्च झाला. तो वाचकांच्या रिचार्जमधून गेला आणि तुमच्या मोफत सेवेच्या मर्यादेतूनही. म्हणून:

- चित्र पानावर ज्या आकारात दिसणार आहे, त्याच आकारात बनवा. मोठे बनवून पानावर लहान दाखवले तर वजन मोठ्याचेच राहते.
- रंग कमी करा. पणतीला ३२ रंगही पुरतात.
- ठिपक्यांनी छटा दाखवणारे ‘डिथरिंग’ टाळा. जीआयएफ ओळीने एकसारखे रंग आले की चांगले दाबले जाते, ठिपके आले की नाही.
- चित्रफितीचा तुकडा असेल तर जीआयएफ करूच नका. आवाज बंद ठेवलेला, आपोआप सुरू होणारा आणि फिरत राहणारा एमपी-४ व्हिडिओ लावा. तो त्याच दृश्यासाठी सहसा कितीतरी लहान असतो.

समाजमाध्यमेही हेच करतात. ट्विटरवर, म्हणजे आजच्या एक्सवर, तुम्ही टाकलेले जीआयएफ आत व्हिडिओ होऊन चालते. म्हणूनच तिथले ‘जीआयएफ’ उतरवले की हाती व्हिडिओची फाइल येते.

जीआयएफला आणखी दोन पर्याय आहेत: अ‍ॅनिमेटेड वेबपी आणि एपीएनजी. दोन्हींत भरपूर रंग आणि अर्धवट पारदर्शकता मिळते. आजच्या सर्व प्रमुख ब्राउझरांत ते चालतात.

वाचणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून

हलत्या गोष्टीकडे डोळा आपोआप जातो. मजकुराशेजारी काही सतत हलत असेल तर अनेकांना वाचता येत नाही. काहींना भोवळ येते, मळमळते. काहींच्या बाबतीत गोष्ट याहून गंभीर असते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश वेगाने लखलखला आणि ६०० हून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. लखलखाटाने फिट येऊ शकते हे त्या दिवशी जगाला दिसले.

वेबसाठीचे जागतिक सुगम्यता निकष म्हणून दोन गोष्टी सांगतात. एक, कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये. दोन, आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ इतर मजकुराशेजारी हलत राहणारी गोष्ट थांबवण्याची सोय असावी.

जीआयएफला थांबवण्याचे बटण नसते. पण तीन फेऱ्यांनंतर थांबेल असे ते करता येते, ती संख्या फाइलमध्येच लिहिता येते. सीएसएसचा फायदा इथेही आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत हालचाल कमी करण्याचे सेटिंग असते. ज्याने ते चालू केले आहे त्याला चित्र स्थिर दाखव, अशी सूचना सीएसएसमध्ये देता येते.

‘मोफत’ म्हणजे कोणाचे?

नेटवर सापडलेले चित्र पैसे न देता उतरवता येते, म्हणजे ते वापरण्याचा हक्क मिळाला असे नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढणाऱ्याचा हक्क ते काढल्याबरोबर निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. चित्रपटातल्या दृश्याचे जीआयएफ मित्रांना पाठवणे आणि ते आपल्या व्यवसायाच्या पानावर लावणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरक्षित मार्ग दोन. स्वतः चित्र काढावे, किंवा विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी परवाना स्पष्ट लिहिलेला असेल तेच घ्यावे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी झीरो’ परवान्याचे चित्र श्रेय न देताही वापरता येते. ‘सीसी बाय’ असेल तर चित्रकाराचे नाव, परवान्याचा उल्लेख आणि चित्रात बदल केला असेल तर तसे द्यावे लागते.

नेहमी पडणारे प्रश्न

*फोनवर हलणारे चित्र पानावर टाकल्यावर स्थिर का झाले?*
बहुधा तुम्ही त्याचा स्क्रीनशॉट घेतला किंवा ते जेपीजी म्हणून साठवले गेले. फाइलच्या नावाचा शेवट तपासा. वर्डप्रेसमध्ये आणखी एक कारण असते. चित्राचा ‘मीडियम’ किंवा ‘थंबनेल’ आकार निवडला की फक्त पहिली फ्रेम राहू शकते. ‘फुल साइज’ निवडा.

*चित्र एकदाच हलून थांबते. काय करावे?*
फाइल बनवताना सतत फिरण्याची खूण राहून गेली आहे. पुन्हा उघडून नव्याने एक्स्पोर्ट करा.

*फ्रेमची वेळ शून्य ठेवली, तरी चित्र हळू का?*
वेळ फारच कमी दिली असेल तर ब्राउझर ती मानत नाहीत आणि साधारण एक दशांश सेकंद धरतात. वेळ थोडी वाढवून दिली तर चित्र उलट वेगवान दिसेल.

*एका पानावर किती हलती चित्रे असावीत?*
नियम नाही, पण एकच असेल तर ते लक्षात राहते. चार असली की वाचक मजकूर सोडून पान बंद करतो.

*आधीच लावलेला बाहेरचा कोड कसा ओळखावा?*
पानाच्या एचटीएमएलमध्ये ‘स्क्रिप्ट’ हा शब्द शोधा. त्यापुढे तुमच्या साइटचा नसलेला पत्ता दिसला तर तो कशासाठी आहे ते आठवा. आठवत नसेल तर आधी पानाची प्रत ठेवा आणि ती ओळ काढून पाहा. काहीच बिघडले नाही, तर तिची गरज नव्हती.

लावण्याआधी पाच गोष्टी तपासा

फाइल माझ्या जागेवर आहे का? ती माझी आहे किंवा वापरण्याचा परवाना आहे का? साध्या फोनवर, मोबाइल डेटावर पान लवकर उघडते का? चित्र लखलखत तर नाही ना? आणि ज्या साइटवरून हे घेतले ती उद्या बंद झाली तरी माझे पान असेच दिसेल का?

पाचही उत्तरे समाधानकारक असतील तर पणती खुशाल लावा. पुढच्या दिवाळीला पान उघडाल तेव्हाही ती तिथेच तेवत असेल.